खाडीपलीकडची वसाहत

निफाडचा किंवा जुन्नरचा शेतकरी कांद्याची गाडी भरतो आणि म्हणतो, "माल मुंबईला पाठवला." खरे पाहता ती गाडी मुंबईला जात नाही. मुंबईच्या अलीकडे, ठाण्याच्या खाडीच्या काठी, वाशी नावाच्या ठिकाणी ती रिकामी होते. तुमच्या गावचा एखादा तरुण माथाडी कामगार म्हणून "मुंबईत" असेल, तर तोही बहुधा याच वाशीला, तुर्भ्याला किंवा कोपरखैरण्याला राहत असेल. तेव्हा या वाशीची आणि तिच्याभोवती उभ्या राहिलेल्या नव्या वसाहतीची हकिकत ऐकावी, असे मला वाटते. ती फार जुनी नाही. तुमच्यापैकी साठी उलटलेल्या मंडळींच्या डोळ्यांदेखत ती घडली. पण राजेरजवाड्यांच्या इतिहासात जे प्रश्न येतात, तेच याही इतिहासात आहेत. जमीन कोणाची? ती कोणी, कोणत्या हक्काने घेतली? आणि घेतल्यावर मूळच्या धन्याचे काय झाले?

आधी जमिनीपासून सुरुवात करू. आज जिथे सेक्टरांचे आकडे लिहिलेल्या पाट्या दिसतात, तिथे पूर्वी काय होते? भातखाचरे होती, मिठागरे होती आणि खाडीचा चिखल होता. घाटावरच्या श्रोत्यांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. खाडीकाठची भातजमीन ही काळ्या आईसारखी आयती मिळालेली नसते, ती माणसाने केलेली असते. भरतीचे खारे पाणी आत येऊ नये म्हणून मातीचा बांध घालायचा, आतले पावसाचे पाणी बाहेर जावे म्हणून त्यात उघाडी ठेवायची, आणि चार-पाच पावसाळे खार धुऊन निघेपर्यंत वाट पाहायची. मग कुठे त्या खाचरात खारेपणा सोसणारे राता जातीचे लाल भात येते. ठाणे-कुलाबा भागातल्या जुन्या महसुली कागदांत अशा जमिनींना 'शिलोत्री' म्हणत. बांधाला एका रात्रीत खांड पडली तर साऱ्या शिवारात खारे पाणी शिरते आणि पुढची दोन-तीन वर्षे पीक नाही. म्हणून बांध राखणे हे एकट्या-दुकट्याचे काम नव्हे, साऱ्या गावाचे होते.

ही माणसे बहुतेक आगरी आणि कोळी समाजाची. आगरी हे नावच मिठाच्या आगरावरून आले, असे सांगतात. पावसाळ्यात भात लावायचे, उन्हाळ्यात मीठ पिकवायचे, आणि अधूनमधून खाडीत उतरून निवट्या, चिंबोऱ्या, कोलीम आणायचे. शेत लहान, पण तीन बाजूंनी पोट भरणारे. सातबाऱ्यावर भाताच्या जमिनीची नोंद होती. खाडीवरची मासेमारी कोणत्याच उताऱ्यावर नव्हती. हे लक्षात ठेवा, पुढे त्याचा संबंध येणार आहे.

आता दुसरी गोष्ट. ही जमीन कसणाऱ्याच्या नावावर केव्हा झाली? कुलाबा जिल्ह्यात खोत आणि सावकार यांचा अंमल किती कडक होता, हे अलिबागजवळच्या चरी गावच्या शेतकऱ्यांच्या संपाने साऱ्या महाराष्ट्राला दाखवले. १९३३ साली सुरू झालेला तो संप नारायण नागू पाटील यांच्या पुढारीपणाखाली १९३९ पर्यंत चालला. सहा वर्षे लोकांनी जमिनी पडीक ठेवल्या, मोळ्या विकून पोट भरले, पण माघार घेतली नाही. उरण तालुक्यात चिरनेरला २५ सप्टेंबर १९३० रोजी जंगल सत्याग्रहात गोळीबार झाला, तोही याच मुलखातला. पुढे १९४८ चा कूळकायदा आला आणि त्याच्या दुरुस्तीने १ एप्रिल १९५७ हा 'कृषक दिन' ठरला. त्या दिवसापासून कसणारे कूळ कायद्याने मालक मानले गेले. ही तारीख तुम्ही मनात धरून ठेवा: १९५७.

इकडे खाडीच्या पलीकडे मुंबई वाढत होती. १९६१ च्या शिरगणतीत बृहन्मुंबईची वस्ती साडेएक्केचाळीस लाख होती, १९७१ मध्ये ती जवळजवळ साठ लाख झाली. मुंबई हे चिंचोळे बेट. दक्षिणेला कचेऱ्या आणि उत्तरेला घरे, अशी तिची रचना. सकाळी सारी गर्दी एका दिशेला, संध्याकाळी उलट दिशेला. मुंबईला वाढायचे तर पूर्वेला खाडी ओलांडून जावे लागेल, हे जाणत्यांना दिसत होते. १९५८ साली सरकारने स. गो. बर्वे यांच्या अध्यक्षतेखाली एक अभ्यासगट नेमला आणि खाडीवर पूल बांधावा अशी सूचना त्यातून आली. १९६५ साली धनंजयराव गाडगीळ यांची समिती नेमली गेली. त्याच साली चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल या तिघांनी 'मार्ग' या नियतकालिकात आपली कल्पना मांडली. मुंबईला शेपटासारखी उपनगरे जोडत बसण्यापेक्षा खाडीपलीकडे एक स्वतंत्र जोडशहर वसवावे, जिथे घरही असेल आणि कामधंदाही असेल, असे त्यांचे म्हणणे होते.

कल्पना चांगली होती, यात शंका नाही. आणि त्या कल्पनेचा गाभा जमिनीच्या अर्थशास्त्रात होता. तो आपण नीट समजून घेऊ. शहर येणार म्हटले की जमिनीचा भाव चढतो. तो भाव कोणाच्या खिशात जावा? दलालाच्या, की शहराच्या? या तज्ज्ञांचे उत्तर असे, की सरकारने सारी जमीन आधीच, शेताच्या भावाने घ्यावी, तिथे रस्ते-पाणी-वीज आणावी, आणि मग वाढलेल्या भावाने भूखंड विकून त्याच पैशातून शहर बांधावे. म्हणजे सरकारच्या तिजोरीवर भार नाही आणि सट्टेबाजालाही वाव नाही. या योजनेत फक्त एक खाते कोरे होते. ज्याची जमीन घ्यायची, त्या शेतकऱ्याला वाढलेल्या भावातला वाटा किती, हे कोणी लिहिलेले नव्हते.

फेब्रुवारी १९७० मध्ये सरकारने ८६ गावांतली १५,९५४ हेक्टर खाजगी जमीन संपादनासाठी अधिसूचित केली. मार्च १९७० मध्ये शहर आणि औद्योगिक विकास महामंडळ, म्हणजे ज्याला आपण 'सिडको' म्हणतो ते, स्थापन झाले. त्याचे भांडवल होते ३ कोटी ९५ लाख रुपये. १९७३ मध्ये आणखी नऊ गावे जोडली गेली. ठाणे, पनवेल आणि उरण या तीन तालुक्यांतली मिळून गावे ९५, क्षेत्र सुमारे ३४४ चौरस किलोमीटर.

आता ती तारीख आठवा. १९५७ साली कूळ मालक झाले आणि १९७० साली जमीन संपादनाची नोटीस आली. मध्ये वर्षे किती गेली? अवघी तेरा! ज्या बापाने खोताच्या खंडाखाली कंबर मोडून घेतली, त्याच्या मुलाला मालकीचा सातबारा जेमतेम तेरा वर्षे भोगायला मिळाला. नवी मुंबईच्या शेतकऱ्याचा राग किती खोल होता, हे नुसत्या रुपयांच्या हिशेबाने कळणार नाही. हा तेरा वर्षांचा हिशेब मांडला म्हणजे कळेल.

आणि रुपयांचा हिशेब तरी कसा होता? त्या वेळी लागू होता १८९४ चा भूसंपादन कायदा, म्हणजे इंग्रजांच्या अमदानीतला. त्याची रीत अशी: पहिली अधिसूचना ज्या दिवशी निघेल, त्या दिवशीचा बाजारभाव धरायचा आणि सक्तीने घेतल्याबद्दल वर शेकडा पंधरा टक्के द्यायचे. हे पंधरा टक्के १९८४ च्या दुरुस्तीने तीस झाले. वरवर पाहता रीत न्याय्य दिसते. पण निवाडा व्हायला आणि पैसे हातात पडायला वर्षानुवर्षे लागत. तोवर शेजारी सिडकोचा रस्ता झालेला, भूखंडाचा लिलाव झालेला. शेतकऱ्याचा भाव मात्र १९७० सालच्या त्या दिवशी गोठून राहिलेला. शेतमजुराला, मिठागरातल्या मजुराला आणि खाडीत जाळे टाकणाऱ्याला तर काहीच नाही. त्यांच्या नावावर जमीनच नव्हती. सातबाऱ्यावर जे नाही, ते कायद्याच्या डोळ्यांना दिसत नाही.

शहर मात्र उभे राहू लागले. १९७३ साली ठाणे खाडीवरचा पूल रहदारीला खुला झाला आणि पुलाच्या अलीकडच्या टोकाला वाशीची वसाहत आकार घेऊ लागली. नकाशा असा होता, की एकच मोठे शहर न करता रेल्वेच्या मार्गावर मण्यांसारख्या निरनिराळ्या वसाहती गुंफाव्यात. ऐरोली, घणसोली, कोपरखैरणे, वाशी, सानपाडा, नेरूळ, बेलापूर, खारघर, कळंबोली, कामोठे, नवीन पनवेल अशी ही माळ. प्रत्येक वसाहतीत तिची शाळा, तिचा बाजार, तिचे मैदान. घरे सर्व ऐपतीच्या लोकांसाठी असावीत, हाही हेतू होता. मुंबईच्या चाळीत दहा बाय बाराच्या खोलीत संसार केलेल्या कितीतरी कारकुनांना, शिक्षकांना आणि गिरणी कामगारांना स्वतःचा संडास आणि स्वतःचे स्वयंपाकघर प्रथम इथे मिळाले. ही गोष्ट लहान समजू नये.

पण पहिली वीस वर्षे वसाहत रांगतच होती. रेल्वे नव्हती. मंत्रालय खाडीपलीकडे येईल, ही आशा फोल ठरली. बेलापूरला कोकण भवन झाले खरे, पण खुद्द सरकार हलले नाही. उलट दक्षिण मुंबईत नरिमन पॉइंटला समुद्र हटवून मनोऱ्यांमागून मनोरे उभे राहिले आणि १९८१ साली नवे विधान भवनही तिथेच झाले. शेतकऱ्याला "राष्ट्रकार्यासाठी जागा सोड" म्हणून सांगणाऱ्यांनी स्वतःची खुर्ची काही सोडली नाही. मौज आहे, नाही का?

मग वाशीला जीव कशाने आला? बाजाराने. मुंबईतल्या दाटीत अडकलेला घाऊक बाजार इकडे हलवायचे ठरले. १९८१ साली कांदा-बटाटा आला, मागून मसाला आणि धान्य आले, आणि १९९६ साली भाजी व फळेही आली. बाजार आला म्हणजे त्याच्याबरोबर हमाल आला, तोलणार आला, वाहतूकवाला आला, चहावाला आला. सातारा-सांगलीकडचे माथाडी कामगार इथे घरे करून राहिले. १९६९ च्या माथाडी कायद्याने त्यांच्या मजुरीला संरक्षण मिळाले होते, आता डोक्यावर छप्परही आले. १९९२ च्या मे महिन्यात मानखुर्द-वाशी रेल्वे सुरू झाली. तिच्या खर्चाचा मोठा वाटा सिडकोने भूखंडांच्या उत्पन्नातून उचलला, म्हणजे ती मूळची कल्पना इथे फळाला आली. त्याच साली १ जानेवारीपासून नवी मुंबई महानगरपालिका अस्तित्वात आली. २०११ च्या शिरगणतीत तिची वस्ती अकरा लाखांवर गेली होती.

आता या चित्राची दुसरी बाजू. गावे कुठे गेली? ती कुठेच गेली नाहीत, जिथे होती तिथेच राहिली. संपादन झाले ते शेतजमिनींचे. गावठाणे तशीच सोडली. त्यामुळे वाशीगाव, जुहूगाव, तुर्भे, कोपरखैरणे ही गावे नव्या वसाहतीच्या मधोमध बेटांसारखी उरली. शिवार गेले, गावठाण राहिले. पोरे वाढली, घरे वाढवायला जागा नाही. मग गावठाणाच्या कडेला, पूर्वी आपल्याच असलेल्या पण आता सिडकोच्या झालेल्या जमिनीवर, लोकांनी घरे बांधली. कागदावर त्या घरांचे नाव पडले 'अनधिकृत बांधकाम'. आजोबाच्या शेतात नातू अतिक्रमण करणारा ठरला! कायद्याने ते बरोबर असेल, पण इतिहासाने त्यापुढे एक प्रश्नचिन्ह जरूर घालावे.

शेतकऱ्यांच्या बाजूने जे उभे राहिले, त्यांत अग्रभागी नाव दिनकर बाळू पाटील यांचे. लोक त्यांना 'दि. बा.' म्हणत. उरण तालुक्यातल्या जासई गावी १९२६ साली जन्म, वकिलीचे शिक्षण, शेतकरी कामगार पक्षाचे आमदार आणि खासदार. वाढलेल्या किमतीत शेतकऱ्याचा वाटा आहे, आणि तो रोख पैशात नव्हे, विकसित जमिनीच्या रूपात मिळाला पाहिजे, ही मागणी त्यांनी लावून धरली. न्हावा-शेवा बंदरासाठी उरणकडच्या जमिनी ताब्यात घेण्याचे काम सुरू झाले, तेव्हा ठिणगी पडली. १६ जानेवारी १९८४ रोजी जासईजवळ दास्तान फाट्यावर आणि दुसऱ्या दिवशी नवघर फाट्याच्या परिसरात पोलिसांनी गोळीबार केला. दोन दिवसांत पाच शेतकरी प्राणाला मुकले. चिरनेरनंतर चोपन्न वर्षांनी याच तालुक्यात पुन्हा गोळी चालली. मध्यंतरी राज्य मात्र बदलले होते.

त्या रक्ताचे मोल म्हणून की काय, १९९० साली सरकारने साडेबारा टक्क्यांची योजना मान्य केली आणि १९९४ साली ती सर्व प्रकल्पग्रस्तांना लागू झाली. ही योजना आपण गुंठ्यांत समजून घेऊ. समजा, एका शेतकऱ्याची एक एकर, म्हणजे चाळीस गुंठे जमीन गेली. साडेबारा टक्क्यांनी त्याला पाच गुंठे विकसित जमीन मिळायला हवी. त्यातून सार्वजनिक सोयींसाठी तीस टक्के कापून घेतले जातात. हाती राहिले साडेतीन गुंठे. तेही भाडेपट्ट्याने, साठ वर्षांच्या कराराने. तरीही, मंडळी, हे साडेतीन गुंठे क्षुल्लक नव्हते. शहरात साडेतीन गुंठ्यांचे मोल शेताच्या एकरापेक्षा जास्त भरते. प्रकल्पात जमीन गमावणाऱ्याला वाढीव किमतीत भागीदार करण्याचे हे तत्त्व देशात इतरत्रही चर्चेला आले.

पण भूखंड हाती येईपर्यंत पुन्हा वर्षे गेली. वाट पाहून थकलेल्या कित्येकांनी तो मिळण्याआधीच त्याचा हक्क बांधकाम व्यावसायिकाला विकून टाकला. एकदम आलेला पैसा लग्नात, गाड्यांत आणि मोठ्या बंगल्यांत गेला. ज्यांनी भूखंड राखला, शिक्षण घेतले, धंदा केला, ते उभे राहिले. शेती जाणाऱ्याला पैसा मिळतो, पण पैसा कसायचा कसा हे त्याला कोणी शिकवत नाही. बांध घालायला बाप शिकवतो, उघाडी केव्हा उघडायची हे आजा सांगतो. बँकेतली रक्कम राखायला शिकवणारा मात्र घरात कोणी नसतो.

यानंतर बराच काळ लोटला. २०१३ साली १८९४ चा कायदा जाऊन नवा भूसंपादन कायदा संमत झाला आणि १ जानेवारी २०१४ पासून लागू झाला. त्यात शहरी भागात बाजारभावाच्या दुप्पट आणि ग्रामीण भागात चौपटीपर्यंत मोबदला, पुनर्वसनाची तरतूद, आणि जमिनीवर उपजीविका करणाऱ्या भूमिहीनाचाही विचार आहे. पनवेलजवळच्या विमानतळासाठी ज्यांच्या जमिनी गेल्या, त्यांना साडेबाराऐवजी साडेबावीस टक्के विकसित जमीन देण्याचे ठरले. त्या विमानतळासाठी उलव्याची टेकडी कापली, नदीचा प्रवाह वळवला, दहा गावे हलवली, आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये त्याचे उद्घाटन झाले. दि. बा. पाटील २०१३ साली वारले होते. पण साडेबारापासून साडेबावीसपर्यंतचा प्रवास हा त्यांनी आणि त्या पाच जणांनी सुरू करून दिला, एवढे म्हणायला हरकत नाही.

मग निष्कर्ष काय काढायचा? नवी वसाहत नको होती काय? तसे म्हणणे सोपे आहे, पण खरे नाही. लाखो माणसांना तिने घर दिले, तुमच्या मालाला मोकळा बाजार दिला. त्याचबरोबर ती वसली ती रिकाम्या जागेवर नव्हे, हेही तितकेच खरे आहे. शहराच्या नकाशात शेतजमीन नेहमी पांढरी, मोकळी दाखवलेली असते. तिच्यावर घातलेले बांध, तिच्यासाठी झालेले संप, तिच्यावर झालेली बाळंतपणे आणि मरणे नकाशात येत नाहीत. ती नकाशात आणणे हे इतिहासाचे काम.

आणि म्हणून शिक्षक बंधुभगिनींना एक सांगणे आहे. पुणे, नाशिक, नागपूर, संभाजीनगर, कोल्हापूर, कोणतेही शहर घ्या, त्याच्या कडेला नवी वस्ती वाढते आहे. कदाचित तुमच्याच शाळेभोवती वाढत असेल. मुलांना घेऊन तलाठ्याकडे जा, जुने सातबारे आणि गावनकाशा पाहा. हल्ली जिथे प्लॉट नंबर आहे, तिथे शेताला काय नाव होते, ते गावातल्या वडीलधाऱ्यांना विचारा. कोणता ओढा कुठून वाहत होता, विहीर कोणी खणली, पहिली जमीन कोणत्या साली आणि कोणत्या भावाने विकली गेली, हे वहीत टिपून ठेवा. एका वर्गाने एका वर्षात एवढे केले, तरी त्या गावाचा असा इतिहास तयार होईल, जो कोणत्याही पुस्तकात सापडणार नाही.

शेतकरी मंडळींना सांगायचे ते थोडे आहे. शहर तुमच्या दारी येईल, तेव्हा हातात पडणाऱ्या रकमेआधी अधिसूचनेची तारीख पाहा. सातबारा आपल्या नावावर चोख आहे ना, बहिणींची आणि कुळांची नावे त्यावर आहेत ना, हे आजच पाहून घ्या. आणि जमीन देण्याची वेळ आलीच, तर तिच्या वाढणाऱ्या मोलात आपला हिस्सा मागा. खाडीकाठच्या माणसांनी तो फार महाग किंमत देऊन मिळवला आहे. तो वाया जाऊ देऊ नका.